विमानाच्या शेपटीची बिजागरी

लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा सासरच्या घरात माझ्या स्वागताला एक पंख होता. आमच्या खोलीत, पलंगाच्या बरोबर वर, छताच्या आकड्याला सुतळीनं टांगलेला, पिवळ्या कागदाचा, माझ्या हाताएवढा लांब. मी पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे छताला लसणाच्या जुड्या टांगतात, बियाण्याची कणसं टांगतात. हा काय प्रकार, असं मी नवऱ्याला विचारलं आणि तिथंच फसले. लाजाळू वाटलेला तो माणूस त्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत बोलायचा थांबलाच नाही. नव्या नवरीला काय काय सांगतात ते मैत्रिणींनी मला सांगून ठेवलं होतं. त्यात बाल्सा नावाच्या लाकडाचा उल्लेख कुणीच केला नव्हता.

माझे यजमान, ज्यांना मी आयुष्यभर ‘हे’ म्हणत आले आणि इथंही तेच म्हणणार आहे, सरकारी कचेरीत कारकून होते. सोमवार ते शनिवार फायली, रविवार विमानं. चौघांचा गट होता. त्यांचे म्होरके एका तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. बाल्सा कलकत्त्याहून यायचा, वजनाला पापडासारखा. त्याचा सांगाडा करायचा, वर पातळ कागद ताणून चिकटवायचा. टेबल टेनिसचे फुटके चेंडू अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून एक रोगण तयार करायचं. त्याला डोप म्हणत. तेच डिंक म्हणून वापरायचं आणि तेच वरून फासायचं. विमानाच्या नाकात सुपारीएवढं इंजिन, ते रॉकेल, ईथर आणि एरंडेलावर चालायचं. त्या वासानं घरातल्या मुंग्यासुद्धा शेजारी राहायला गेल्या होत्या.

विमान मोकळं सुटत नसे. त्याच्या पंखातून दोन पोलादी तारा निघायच्या आणि त्यांची टोकं एका लाकडी मुठीला बांधलेली असायची. मूठ हातात धरून माणूस मैदानाच्या मधोमध उभा राही, विमान त्याच्याभोवती गोल फिरे आणि माणूस जागच्या जागी त्याच्याबरोबर फिरे. मूठ थोडी वर झुकवली की तारा ओढल्या जात, शेपटीची एक बोटभर रुंद पट्टी वर उचलली जाई आणि विमान वर चढे. मूठ खाली झुकवली की विमान खाली. सगळा खेळ त्या पट्टीवर. ती पट्टी शेपटीला कापडी बिजागऱ्यांनी जोडलेली असायची. कापडाचे छोटे तुकडे एकाआड एक चिकटवायचे. पहिला वरून खाली गेलेला, दुसरा खालून वर आलेला. म्हणजे पट्टी वर-खाली हलते, पण निसटत नाही.

दसरा झाल्यावर पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले, चहाचा थर्मास घेऊन. नागपूरच्या बर्डीपासून सायकलवर अर्ध्या तासावर एक मोठं पटांगण होतं. त्या दिवशी सरांचं विमान उडालं. मी आधी विमानाकडे पाहिलं आणि मग सरांकडे. पन्नाशीचा, जाड भिंगांचा, कपाळावर कायम आठी असलेला तो माणूस मूठ हातात घेऊन फिरत होता आणि हसत होता. नंतर ह्यांची पाळी आली. तेही हसत होते. विमान उतरल्यावर मी विचारलं, काय वाटतं? हे म्हणाले, तारेतून ते ओढत राहतं, जिवंत असल्यासारखं. बस, त्या क्षणापासून मला ती ओढ माझ्या हातात पाहिजे होती. दुसरं काही नको होतं. डाळीला फोडणी देताना, कपडे वाळत घालताना, मनात तेच.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, सरांना विचार. मी सरांना विचारलं. सर फार सभ्य माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की वहिनी, गोल फिरून चक्कर येते, तुम्हाला झेपायचं नाही, तुम्ही बसा, चहा उत्तम झाला आहे. मला त्या उत्तम चहाचा फार राग आला. माझं डोकं लवकर तापतं, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला सहा महिने लागले. लहानपणी मचाणावर उभी राहून मी दिवसभर गोफण फिरवलेली, ज्वारीवरची पाखरं हाकललेली. आणि फुगडी खेळत मोठ्या झालेल्या बाईला फिरून चक्कर येईल, हे फक्त पुरुषालाच सुचू शकतं. पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. नवी होते.

त्या गटाचा एक नियम होता. ज्याच्या चुकीनं विमान पडलं, त्यानंच ते दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त झाल्यावर पहिलं उड्डाण त्याचंच. विमान कुणाचंही असो. हा नियम सरांनी त्यांच्या शाळेतून आणला होता. रंध्यानं बोट कापलेल्या मुलाच्या हातात ते दुसऱ्याच दिवशी रंधा देत. नाहीतर भीती बसते, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांच्यातल्या एकानं तारांना गाठ मारताना घाई केली आणि ह्यांचं विमान जमिनीत घुसलं. तो बिचारा पुढचे दोन रविवार आमच्या पडवीत बसून लाकूड घासत होता. मग त्यानंच ते उडवलं, आणि विमानाचे मालक टाळ्या वाजवत बाजूला उभे. मला हा नियम तेव्हाच आवडला होता, पण तो माझ्या उपयोगाचा वाटला नव्हता. पाडायला तरी हातात मूठ पाहिजे.

नोव्हेंबरात आमच्या पलंगावरचा पिवळा पंख खाली आला. विमान पूर्ण होत आलं होतं. हे ब्लेडनं मलमलीचे तुकडे कापत बसले होते. कडांना सुतं लोंबत होती, एकही तुकडा सरळ नव्हता. दोन मिनिटं मी पाहिलं आणि मग त्यांच्या हातातून कापड ओढून घेतलं. बिजागऱ्या मी करते, असं मी म्हणाले. हे खूश झाले. त्यांना तो भाग मनापासून नकोसा होता.

मलमल मी आधी धुतली. मग आमच्या घरात सुती कापडाचं जे होतं तेच तिचं केलं. भाताच्या पेजेची खळ घातली, सावलीत वाळवली, शिंपडून इस्त्री केली. सासूबाईंची पांढरी लुगडी, ह्यांचे सदरे, उशांचे अभ्रे, सगळं खळीतूनच जायचं. बिनखळीचं कापड घराबाहेर नेणं म्हणजे केस न विंचरता बाहेर पडणं. तुकडे असे कडक आणि सुबक निघाले की एकाही कडेला सूत सुटलं नाही. सरांनी येऊन पाहिले, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिले, आणि म्हणाले, इतक्या सरळ बिजागऱ्या मी स्वतः कधी केल्या नाहीत. माझी छाती दोन बोटं फुगली.

पुढच्या रविवारी पिवळं विमान उडालं. हे मुठीवर होते. तीन चकरा छान झाल्या. चौथ्या चकरेत ह्यांनी ते वर न्यायला मूठ झुकवली आणि विमान वर जायच्या ऐवजी डुलायला लागलं. शेपटीची पट्टी एका बाजूनं सुटून लोंबत होती, बसल्या जागेवरून मला दिसत होती. पाचवी चकर पुरी झालीच नाही. विमान नाकावर आपटलं, आणि ज्या पंखाखाली मी सहा महिने झोपले होते त्याचे दोन तुकडे झाले.

कुणी रागावलं नाही. सरांनी शेपटी उचलून पाहिली. माझे सगळे तुकडे जसेच्या तसे, कडक, सुबक, लाकडावरून अख्खे सुटून आलेले. त्यांनी एका तुकड्यावर नख घासलं, वरून पांढरी भुकटी निघाली. खळ. कापडाच्या विणीतली सगळी जागा माझ्या पेजेनं आधीच अडवली होती. डोप आत शिरलाच नाही, नुसता वर बसून राहिला. सरांनी शेपटी खाली ठेवली. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “वहिनींची यात काही चूक नाही. कापडच तसं निघालं.”

तिघांनी माना डोलावल्या. हे तर म्हणाले की मीच नीट दाबून बसवलं नसेल, दुरुस्ती माझ्याकडे. किती चांगली माणसं. सगळे मला सांभाळून घेत होते, आणि माझ्या लक्षात आलं की सांभाळता सांभाळता माझ्या हातातलं काहीतरी काढून घेत आहेत. विमान कापडानं पाडलं असेल तर पुढचं उड्डाण काय मलमल करणार होती? माझं डोकं तापलं. इतके दिवस तोंडात घोळवून शहरी केलेली भाषा एका क्षणात उतरली.

“कापडाले काहून बोल लावता? खळ म्या घातली,” मी म्हणाले. “चूक माही आहे सर. ती मले द्या.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते मला काही समजवायला लागले आणि मधेच थांबले. बहुतेक त्यांना रंध्यानं बोट कापलेली मुलं आठवली असावीत. मग ते म्हणाले की नियमानं बघितलं तर मग दुरुस्ती वहिनींची. उड्डाणाबद्दल ते बोलले नाहीत. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो नियम पाठ होता, मलाही.

पंखाची जोडणी मी ह्यांच्याकडून शिकून केली, हात मात्र माझेच लागले. त्यासाठी तीन आठवडे लागले आणि स्वयंपाकाचे हाल झाले. एकदा भातात बाल्साचा भुसा निघाला तेव्हा सासूबाईंनी तो ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि लोणचं मागितलं, इतकंच. बिजागऱ्यांसाठी मी या वेळी बिनखळीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड शोधलं. माझ्या आईनं तिची जुनी लुगडी फाडून, घड्या घालून पाठवली होती, येणाऱ्या बाळाच्या दुपट्यांसाठी. बाळाचा अजून पत्ता नव्हता. मी ते गाठोडं सोडलं तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावर अशी आशा उमटली की मला घाईघाईनं सांगावं लागलं, आई, विमानासाठी आहे.

मऊ कापड डोप मात्र गटागटा प्यायलं. वाळल्यावर बिजागऱ्या लाकडाला अशा धरून बसल्या की ओढून निघेनात. पण जिथं घडी पडायची, जिथं पट्टी हलायला पाहिजे, तिथंही कापड डोप पिऊन बसलं होतं. पट्टी हलेना. जोर लावला तर घडीवरच कडकन मोडलं. दुसऱ्यांदा केलं, तेच झालं. आता सुटत नव्हतं तर हलत नव्हतं. मी पडवीत बसून रडले, रागानं.

सासूबाई आतून आल्या. सासरे जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या कमी बोलायच्या. “काय झालं वं?” त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, की आजूबाजूला डोप लागायला पाहिजे आणि बरोबर मधल्या रेघेवर लागायला नको, आणि हे मला जमून नाही राहिलं. त्यांनी शेपटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांची फणेरपेटी होती. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा ठेवायची लाकडी पेटी. ती मी माळ्यावर पाहिली होती, उघडी कधी पाहिली नव्हती. त्यातून त्यांनी एक चपटी पितळी डबी काढली. आत मेण होतं. आम्ही नव्या मुली बाटलीतलं ओलं कुंकू लावायचो. त्यांच्या वेळी आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवायचं आणि त्यावर कुंकू बसवायचं. मेण असतं तिथं दुसरं काही आत जात नाही, एवढं त्या म्हणाल्या. डबी त्यांनी उन्हात धरली. मेण जरा मऊ झालं तशी अनामिका त्यात फिरवली आणि कापडाच्या घडीवर, बरोबर मधल्या रेघेवर, हलकेच ओढली. इतक्या वर्षांनी बोट तेच निघालं. मी त्यांना नको म्हणणार होते, की हे तुमचं आहे, राहू द्या. पण त्यांनी माझ्याकडे न बघताच दुसरा तुकडा पुढे कर म्हणून हात केला.

मेणाच्या दोन्ही बाजूंना डोप बसला, मधे शिरला नाही. वाळल्यावर मी शेपटी उभी धरली. पट्टी आपल्या वजनानं खाली पडली. उलटी केली, पुन्हा खाली पडली. मी ते इतक्या वेळा केलं की सासूबाई म्हणाल्या, पुरे, झिजेल.

राहिली चक्कर. गोफणीत हात फिरतो, माणूस उभाच असतो, आणि फुगडी खेळून मला तीन-चार वर्षं झाली होती. मनातून मी घाबरले होते. ही गोष्ट मी ह्यांना सांगितली नाही, सासूबाईंना सांगितली. उड्डाणाच्या आदल्या दिवशी, हे कचेरीत असताना, त्यांनी पुढच्या दाराला कडी लावली, पदर खोचला आणि अंगणात माझ्यासमोर दोन्ही हात पुढे केले. मला वाटलं, मस्करी करून राहिल्या. त्यांनी माझी मनगटं धरली आणि पाय जुळवले. साठीच्या जवळ आलेली, आठ वर्षं कुठल्याच खेळात न उतरलेली ती बाई मागे झुकली आणि आम्ही फिरायला लागलो. भिंत, तुळस, नळ, दोरीवरचे कपडे, सगळं एकात एक मिसळलं. माझा तोल जायला लागला तेव्हा त्या हसत हसत, धापा टाकत म्हणाल्या, “भिंतीकडे काय पाहून राहिलीस? माझ्याकडे पाह. फिरताना समोरच्यावरून डोळा हलवायचा नाही.”

मी त्यांच्या चेहऱ्यावर डोळे ठेवले. सगळं जग फिरत होतं आणि तो एकच चेहरा जागच्या जागी होता, लाल झालेला, हसणारा. आम्ही दमून ओसरीवर बसलो तेव्हा आमच्या दोघींच्या अंबाड्याच्या पिना अंगणभर पडल्या होत्या. संध्याकाळी ह्यांना त्यातली एक चपलेत सापडली. कुणी काही सांगितलं नाही.

रविवारी सासूबाई मैदानावर आल्या, सायकलरिक्षात बसून, मांडीवर पिवळं विमान घेऊन. ते त्यांनी दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही. थंडीचे दिवस, गवत ओलं होतं. सरांनी बिजागऱ्या तपासल्या, पट्टी वर-खाली केली, घडीवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. हे काय, म्हणून विचारलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला. मी सरांना सांगितलं की ते घरातलं आहे.

मूठ घेऊन मी मधोमध उभी राहिले, विमान धरून हे दूर उभे राहिले. इंजिन सुरू झालं, एरंडेलाचा वास आला, आणि ह्यांनी सोडलं.

पहिल्या चकरेत मी काही पाहिलंच नाही. फक्त हाताला कळलं. तारेतून ते ओढत होतं. ह्यांनी सांगितलं होतं तसंच, आणि तसं मुळीच नाही. बैलाचा कासरा मी धरला आहे, वाऱ्यातला पतंग धरला आहे. पण विमान माझ्या मनगटाच्या एवढ्याशा हालचालीला उत्तर देत होतं. वर म्हटलं की वर. दुसऱ्या चकरेत झाडं आणि माणसं सरकायला लागली, पोटात ढवळलं. मी डोळे विमानावर ठेवले. पिवळं विमान जागच्या जागी थांबलं आणि मैदान त्याच्या मागून धावायला लागलं. मग मात्र मला हसू फुटलं. मी किती चकरा फिरले ते मोजलं नाही. मोठ्यानं हसत होते असं नंतर कळलं. पट्टी वर-खाली होताना उन्हात दिसत होती. मधली रेघ मोकळी होती.

इंधन संपलं आणि इंजिन एकदम गप्प झालं. आवाज नसलेलं विमान कसं उतरवायचं हे मला तोंडी शिकवलं होतं, पण मी जरा घाई केली. मूठ जास्त झुकली. विमान गवतावर आपटत गेलं आणि टकन आवाज आला. मी मूठ टाकून धावायला गेले आणि दोन पावलांवर बसले. भुई फिरत होती. डोळा हलवला ना.

चौघंही धावत आले. हे माझ्याकडे आले, बाकी तिघं विमानाकडे गेले. पंख धड होते, शेपटी धड होती, बिजागऱ्या सहाच्या सहा जागेवर. पुढचा लाकडी पंखा तेवढा तुटला होता, एक पातं अर्ध्यावरून गेलेलं. सरांनी तो तुकडा गवतातून शोधून काढला आणि माझ्याकडे चालत आले. मी मनात म्हटलं, आता सर म्हणणार, गवतच उंच होतं. आता म्हणणार, पंख्याचं लाकूडच तसं निघालं. ओठ घट्ट मिटून मी वाट पाहिली.

सरांनी तुटकं पातं माझ्या तळहातावर ठेवलं. चष्मा पुसला नाही.

“वहिनी, हा पंखा तुम्ही मोडला,” ते म्हणाले. “रविवारपर्यंत नवा बसवून आणा.”

“आणते सर,” मी म्हणाले. ह्यांनी मला हात देऊन उभं केलं. सासूबाई सतरंजीवर बसून चहा ओतत होत्या, पहिला पेला त्यांनी माझ्यासाठी भरून ठेवला होता. पातं न सोडता तो घेताना त्यातला निम्मा मी पातळावर सांडला. ते तुटकं पातं मी घरापर्यंत मुठीत धरून आले.